आठ फुटांची फरशी

जमेच्या बाजूला:
टाउनशिपने दिलेले पंधराशे डॉलर,
अग्निशमन दलाच्या शेडमध्ये पॅनकेक विकून आलेले आठशे चाळीस,
ऑर्विलच्या हार्डवेअरच्या काउंटरवरल्या बरणीतले पाचशे सत्तर.
बरणीत एक नाणं कॅनडाचं निघालं, ते धरलं नाही.
एकूण दोन हजार नऊशे दहा.

खर्चाच्या बाजूला अठरा जागा,
जिथं उभं राहून चकती फेकायची
आणि जिथं आत्ता नुसता चिखल,
बुटांनी घोटून घोटून लोण्यासारखा झालेला.
पाच फूट रुंद, बारा फूट लांब.
साठ लाद्या, अडीच डॉलरला एक.
खाली चार इंच खडी, वर इंचभर वाळू,
कडेला लाकूड, लाकडाला सळया.
एका जागेला दोनशे चाळीस.

एकतीस वर्षं बँकेत परक्यांचे पैसे मोजले मी,
तरी हा हिशेब तीनदा केला,
कुठंतरी हातचा विसरला असेल या आशेनं.
बाराच होत होत्या.

उरलेल्या सहा कुठल्या?
एइनोच्या गॅरेजमध्ये सातजण बसलो,
बर्फ उडवायच्या यंत्राला पाठ टेकून.
कुणी म्हणालं, सरोवराकडच्या राहू द्या तशाच,
तिकडं येतंय कोण.
आर्डिस म्हणाली, मी येते.
ती खेळत नाही. तिचा म्हातारा कुत्रा
रोज चौदाव्या जागेपाशी बसकण मारतो,
म्हणून तीही.
मग बराच वेळ फक्त हीटरचा आवाज.

एइनो कागद गिरणीतला जुना गवंडी.
त्यानं जमिनीवर लाकडाचा भुसा पसरला
आणि ट्रिगवेला म्हणाला, फेकून दाखव.
ट्रिगवे एकोणीस वर्षांचा, धाव घेतो चौदा फुटांची.
हात रिकामाच फिरवला त्यानं,
पण पाय खरे पडले.
एइनो ठशांवर वाकला, जसं कुणी पत्र वाचावं.
म्हणाला, ही पहिली पावलं गवतात पडली तर बिघडतंय काय?
हे शेवटचं बघ, किती खोल गेलंय.
याच्याखाली दगड पाहिजे.
टेप आठ फुटांवर येऊन थांबली.

बाराचे आठ. चाळीस लाद्या. एकशे साठ.
गुणिले अठरा.
दोन हजार आठशे ऐंशी. मी पेन्सिल खाली ठेवली.
ट्रिगवे कुरकुरला, माझे पाय काय कापू?
अंथरूण आठच फुटांचं आहे बाबा,
पण उशापाशी गवत पुष्कळ.

मे महिन्यात जमिनीतली थंडी उतरली आणि आम्ही खणायला घेतलं.
काळ्या माश्या कानामागं चावत होत्या.
धुम्मस आळीपाळीनं, प्रत्येकी शंभर ठोके,
आर्डिसनं दीडशे मारले आणि कुणाकडं बघितलं नाही.
नवव्या जागी बर्चचं मूळ आडवं आलं,
ते तोडायला कुणाचा हात होईना,
तर जागाच हातभर सरकवली.
एइनो पोटावर झोपून पाणसळीतला बुडबुडा बघायचा,
मागं बोटभर उतार, पाणी निघून जायला.
उठताना गुडघ्यांना फिनिश भाषेत शिव्या द्यायचा.
शिल्लक तीस डॉलरांच्या बारा लाद्या जादा घेतल्या,
त्या माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहेत.

यंदा एप्रिलमध्ये सातव्या जागेचा एक कोपरा
गोठलेल्या जमिनीनं अर्धा इंच वर ढकलला.
काँक्रीट असतं तर तडकलं असतं.
आम्ही चार लाद्या काढल्या, पुसून गवतावर मांडल्या,
खालचं सारखं केलं, पुन्हा बसवल्या.
एक तरी डुगडुगत राहिली.
मी खिशातलं ते कॅनडाचं नाणं
हळूच तिच्याखाली सरकवलं.
एइनोनं लादी उचलली, नाणं माझ्या हातावर ठेवलं.
वाळू टाक, म्हणाला,
पैशानं भरत नाही ते.

वहीत लिहिलं: सातवी जागा. वाळू, दोन मुठी. खर्च शून्य.
नाणं परत बरणीत.