अपेक्षित उत्तर : चाळीस

केंद्र क्रमांक एकशे सात, विडी घरकुल.
दहा वाजले नाहीत तोवर पत्रा तापलेला.
हजेरीत बावीस नावं, दारात अठरा जोड चपला.
मी चपला मोजल्या आणि तसं लिहिलं.
महानंदाबाई म्हणाल्या, "चौघं अनवाणीच येतात, मॅडम."
खोडलं. टॅबवर खोडता येतं, तेवढं बरंय.

एका केंद्रामागे साडेतीनशे मिळतात मला,
रिक्षाचं भाडं माझं.
प्रश्न पुण्यात ठरलेत.
शौचालयाला कडी आहे का.
तक्ते मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला आहेत का.
सेविका प्रश्न विचारून किती सेकंद थांबते.
मी घड्याळ लावलं. महानंदाबाई थांबल्या त्या थांबल्याच;
मध्येच उठून खिचडीखालचा गॅस बारीक करून आल्या
आणि तरी त्या पोराकडे बघत वाट पाहत होत्या.

वजनकाटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो.
"मी वजा करून लिहिते की," त्या म्हणाल्या,
"नवा मागून तिसरं वर्ष."
प्रपत्रात दोनच चौकोन : काटा आहे, काटा नाही.
मी 'आहे'वर बोट ठेवलं.

मग भार्गवी यन्नम, वय पाच वर्षं चार महिने,
फ्रॉकला ओल्या पानाचा, तंबाखूचा वास.
लाल ठोकळा दाखवला. म्हणाली, "एर्रा."
तिच्या घरी तेलुगू. बाईंच्या घरी कानडी. रजिस्टर मराठीत.
जैतुनबी डाळ निवडता निवडता हसली,
"लाल बोल गे, मॅडमला लाल पाहिजे."
इथं मी नियम मोडला, पूर्ण गुण दिला.
पुढच्या प्रश्नाला तसं करता आलं नाही.

पिशवीतले चाळीस चिंचोके सतरंजीवर ओतले.
मोज.
तिनं आधी एकेक उलटून पाहिला,
छाट निघते का म्हणून. निघाली नाही.
मग बोटानं ओढत गेली, एक, दोन, मराठीतच,
न अडखळता, पंचवीसपर्यंत.
तिथं थांबली.
ओंजळीत गोळा केले, हवेतला दोरा
दोनदा फिरवला, दातानं तोडला.
आणि पुन्हा : एक, दोन.
पंधराला चिंचोके संपले.
"भरला नाही," ती म्हणाली.
किती कमी, मी विचारलं.
हे विचारायचं नव्हतं. सूचना क्रमांक नऊ.
तिनं दोन्ही पंजे उघडून धरले,
तर्जनीवर दोऱ्याचा बारीक वळ.

मूल चाळीसपर्यंत पोचलं का? नाही.
कुठं थांबलं? पंचवीस.
गुण शून्य.
शेऱ्याला चाळीस अक्षरांची जागा.
"विडीचा कट्टा पंचवीसचा असतो, म्हणून ही मुलगी"
इथवर आले आणि टॅब पुढचं अक्षर घेईना.

अहवाल येईल. जिल्ह्याची सरासरी, रंगीत खांब,
त्यातल्या एकाच्या पोटात एकशे सात.
सगळं खोटं असेल असं नाही म्हणत मी.
कडी नव्हतीच शौचालयाला.
एक मोठी मुलगी आत, एक बाहेरून दार धरून उभी,
हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि लिहिलं,
आणि ते लिहिलं जायला हवंच होतं.
पण वजा करून लिहायचं काम
माझ्या काट्याला कुणी दिलेलं नाही.

रात्री पिशवी झटकली. उद्या एकशे आठला
चिंचोके लागणार. मोजले. पंचवीस.
भरलेला कट्टा तिनं मला दिला होता,
आई कारखान्यात देते तसा, दोन्ही हातांनी.
न भरलेला घरी राहतो.

सकाळी मंगळवार बाजारात उतरायचं,
पंधरा चिंचोक्यांपुरती चिंच घ्यायची.
पावती कुणी मागत नाही त्याची.