निरंक

महिनाअखेर. सांगलीहून दोनदा फोन आला,
गोषवारा पाठवा.
कॉम्प्युटर आहे, पण आकडा मी आधी पेन्सिलीनं लिहिते.
खोडायला बरा पडतो.

खून : एक. उघड.
मेहुण्यानंच केला. चालत आला जत ठाण्यात,
चपला पायरीखाली काढून.
दरोडा : निरंक.
घरफोडी : तीन. गेल्या साली याच महिन्यात पाच.
साहेब 'घट' हा शब्द
पहिल्या घोटाच्या चहासारखा घेतात.
इतर चोरी : अकरा.
सात वेळा पवनचक्कीची तांब्याची केबल,
बाकी मोटारसायकली.
बिराप्पा कोळेकराची गाभण शेळी यात नाही,
ती अर्जावर घेतली.
अर्ज सांगलीला जात नाहीत.

(माझी पर्स मिरज स्टँडवर गेली
तेव्हा मी तरी कुठं नोंदवली?
हद्द कुणाची, यातच दुपार सरली असती.)

महिलांवरील अत्याचार : दोन.

लगमव्वा तीनदा आली.
पहिल्यांदा दिरासोबत, डावा डोळा मिटलेला.
बोलला दीरच. शेतातल्या बांधाची तक्रार होती म्हणे.
दुसऱ्यांदा एकटी.
अर्धं कन्नड, अर्धं मराठी, मधे नुसता श्वास.
मी कागद ओढला तशी म्हणाली,
बरीबेड अक्का.
लिहू नको. नुसतं ऐक.
तिसऱ्यांदा गेटपर्यंत.
चिंचेखालच्या माठातलं पाणी प्यायली,
पेला पालथा घातला, गेली.
मी खिडकीतून बघत होते.
हाक मारता आली असती.
हातात उरसाच्या बंदोबस्ताची यादी होती.

गेटवरनं परत गेलेल्यांचा रकाना
कुठल्याच नमुन्यात नाही.

एकूण : सतरा.
पुढं दिल्लीत जाडजूड पुस्तक निघेल,
त्यात महाराष्ट्राची एक ओळ,
ओळीत आम्ही दशांशचिन्हाच्याही पलीकडं.
आलेखाची रेघ जराशी खाली वाकेल,
आणि कुणी तरी माइकवर सांगेल,
माणसं सुधारली.

पेन्सिलीचे आकडे शाईनं गिरवले.
दोनचे दोनच ठेवले.

रजिस्टरच्या शेवटच्या कोऱ्या पानावर
बारीक उभ्या रेघा आहेत, माझ्याच हातच्या.
आज एक वाढली.
मोजत नाही मी त्या.
मोजल्या तर बेरीज होईल,
आणि बेरीज झाली की सांगलीहून फोन येईल :
यात घट का नाही?