राकसकोपचा लॉगर

सेल मेला आणि घड्याळ
एक जानेवारी दोन हजारला जाऊन बसलं.
लॉगर तरी पाणी मोजत राहिला,
दर पंधरा मिनिटांनी, इमानेइतबारे,
भर श्रावणात जानेवारीची तारीख लावून.

भरमाण्णाच्या वहीत वेळ अशी नाहीच:
"बेळगावची बस वळली, तेव्हा
पट्टीवर पाणी दोन बोटं चढलं.
मग वीज गेली."

डेपोत विचारलं. सहा चाळीस.
उशीर?
"असतोय की वो."

तेवढ्यावर फरक काढला,
सेकंदांत, म्हणजे बेरजेला सोपा.
जुनी वेळ पुसली नाही.
शेजारी नवा रकाना उघडला: अंदाजे.

त्या रकान्यात
चोवीस वर्षं अलीकडे येतं पाणी
आणि वळणावर
बसची वाट बघत थांबतं.