नंबर यायचा आहे

साडेचार वर्षं, शेवटचे सहा महिने वॉर्डात.
मग कौन्सिलचा अर्ज, दोन फोटो, चलन.
नंबर आला नाही तोवर
पाटी लावता येत नाही, मी सांगितलं.

डोमाजीमामा टोरीचं तेल कोमट करत होता.
ओसरीवर रोवणीतून आलेल्या बाया,
पोटऱ्यांवर चिखल तसाच.
"मंग माह्या नंबर कोनता वं?"

शिकलास कुठं?
"मेलेल्या बकऱ्यायवर.
सहा वर्सं बानं मानसाले हात लावू देल्ला नाही."

तानाबाई पालथी झाली.
त्यानं अंगठा मणक्यावर ठेवला,
टाचेला चिमटा काढला. तिला कळलंच नाही.
त्यानं हात पुसले.
"हे माह्यं काम नोहे. सिंदेवाहीले ने, आत्ताच."

तो धडा
मी दुसऱ्या खेपेला पास झाले होते.