पन्नास मिलिसेकंद

सोहार, ऑगस्ट. कंट्रोल रूमचं दार उघडून बाहेर आलं
की चष्म्यावर वाफ धरते, आणि पुढची दहा पावलं
समुद्र तिथंच आहे असं गृहीत धरून टाकावी लागतात.

तीन नंबरच्या पंपाचा ड्रायव्हर रात्री अडकला.
बिघडला नाही. वाट बघत बसला.
व्हॉल्व्हच्या कार्डावर एक रजिस्टर, बत्तीस खणांचं;
तिसरा खण एक झाला की पाणी पुढे सोडायचं.
झालाय का? नाही.
झालाय का? नाही.
सव्वादोन ते पहाटे पाच,
सेकंदाला लाखो वेळा तोच प्रश्न,
अख्खा प्रोसेसर त्याच घाण्याला जुंपलेला
आणि पडद्यावरचं घड्याळसुद्धा २:१४ वर थिजलेलं.

कोड हिर्लेकरांचा. ओळीच्या वर त्यांची टीप,
रोमन अक्षरांतलं मराठी:
"येईलच."
खाली कसलीच मर्यादा नाही.
मार्चमध्ये करार संपला, ते कुडाळला गेले.
त्यांना फोन केला. तो वाजत राहिला,
मग ठरल्या वेळी एका रेकॉर्ड केलेल्या बाईनं
मला सभ्यपणे सोडवलं.
टेलिफोनवाल्यांना हे केव्हाच कळलंय.

"कितना रुकना, मॅडम?" खलफान विचारतो.
डेटाशीट म्हणते, दहा.
पण डेटाशीट लिहिणाऱ्यानं हे मीठ चाखलेलं नाही,
त्याच्या टेबलावर तापमान पंचवीस होतं.
मी पन्नास लिहिते.

माझ्या काकाच्या लग्नात भटजींनी
घंगाळात घटिकापात्र सोडलं होतं.
तळाला भोक असलेली तांब्याची वाटी, भरत भरत जाणारी.
नवरी अजून आत केस सोडवत बसलेली,
मामा धावतायत, कुणी अक्षता सांडल्या,
आणि वाटी कुणाचंही न ऐकता
बुडली.

सजीवन कार्डच उपटून दाखवतो. बघा म्हणतो.
बघते. बत्तीसच्या बत्तीस खणांत एक.
तिथं कुणीच नाही, आणि उत्तर येतंय: हो.
तयार? हो. चूक? हो. बंद? तेही हो.
म्हणजे आधी हे तपासायला हवं,
की समोरचा आहे तरी का.
जो सगळ्यालाच हो म्हणतो
त्याच्या भरवशावर पाणी सोडायचं नाही.

आणि अजून एक. हे मला उशिरा सुचलं,
तिसऱ्या करकनंतर, कप चिकट झाल्यावर.
दोन वेळा बघण्याच्या मध्ये
माझाच प्रोग्रॅम झोपी जाऊ शकतो.
कुणी जास्त निकडीचा येतो, त्याला बाजूला सारतो,
डोळे उघडतात तेव्हा पन्नास उलटून गेलेले.
व्हॉल्व्ह बाराव्यालाच उघडून उभा असतो.
आपण मात्र लिहून मोकळे: आला नाही.

म्हणून वेळ संपल्यावर
निकाल देण्याआधी
एकदा, फक्त एकदाच, परत बघायचं.
चार शब्दांची ओळ. ती लिहायला
मला पाऊण तास लागला.

रात्री चालवून पाहिलं. अकरा, बारा, अकरा, अकरा,
एकदा एकोणीस. मग दोन चाळीसला
लाल अक्षरांत: तीन नंबर, उत्तर नाही.
घड्याळ मात्र चालू. बाकीचे पंप चालू.
खलफान कुम्मा सारखी करून, टॉर्च घेऊन उठला,
कारण या वेळी त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

वीस मिनिटांनी परत आला, भिजून चिंब, घामानं.
तळहातावर साबुदाण्याएवढे मिठाचे खडे,
व्हॉल्व्हच्या खाचेतून खरवडून काढलेले.
माझ्या कीबोर्डशेजारी ठेवले त्यानं.

"येईलच" मी खोडलं नाही.
खाली एवढंच जोडलं:
"न आल्यास कळवणे."