सैल

सुर्ल्याच्या पठारावर, रात्री पावणेदोन.
आलेखावर तारा उत्तरेला सरकतो.
लॅपटॉप म्हणतो, दक्षिणेला ये.
मोटर वळते. तारा ढिम्म.
पुन्हा म्हणतो. ढिम्म.
मग कुठेतरी दात दाताला भिडतो
आणि तुंबलेल्या सगळ्या आज्ञा एकदम पाळल्या जातात.
फोटोत प्रत्येक तारा चवळीचा दाणा.

रुझार ब्लँकेटातून बघत असतो.
एकतीस वर्षं चोडणची फेरीबोट चालवलेला माणूस.
"सुकाणूचं चाक असंच रे.
दिशा बदलली की पाव फेरा फुकट,
तेवढ्यात मांडवी आपलं काम उरकून घेते."
मग तू काय करायचास?
"मधोमध धरायचोच नाही.
ओढीवर जरा रेलून न्यायचो."

खिशातून तो जाळ्याचं शिसं काढतो,
सुतळीने कॅमेऱ्याखाली बांधतो.
तासभर खपून जमवलेला माझा तोल
दीड छटाकात बिघडतो.
उत्तरेच्या दुरुस्त्या मी बंदच करून टाकतो.

रेघ हळूहळू खाली बसते.
मृग समुद्राकडे कलायच्या आत
बाणाखालच्या ढगाची एक फ्रेम, पाच मिनिटांची.
आता कुणी पाऊल उचलायचं नाही.
रुझार उभा,
एकाच पायावर भार टाकून.