कायतानची काठी

म्हापशात मासळी बाजाराच्या मागे, पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना.
तीस वर्षं मी लोकांच्या दाढांत सळई घालून
कीड किती खोल गेली ते मोजतो आहे.
पेशंट म्हणतो, फार नाही डॉक्टर, गोड खाल्लं की जरा.
मी त्याच्या बोलण्यावर जात नाही.
सळईवर जातो.

आणि त्या रविवारी, मे सरता सरता,
बारामतीच्या धावपट्टीवर
मी काट्यांवर गेलो.
डावा अर्ध्यावर, उजवा अर्ध्याच्या जरा वर,
दोन्ही किंचित थरथरणारे,
खोटं बोलायच्या बेतात असलेल्या पोरांसारखे.

काठी आसनामागेच होती.
कायतानने स्वतः तासलेली, चाकूने खाचा पाडलेली,
एक खाच म्हणजे पाच लिटर.
पंखाशी चढायचं, झाकण उघडायचं, काठी बुडवायची,
आणि ओल उडून जायच्या आत वाचायची.
पण शिडी कुणीतरी नेली होती.
मेहुणा प्रेमानंद गुळाच्या दोन ढेपा मांडीवर घेऊन
कधीचा आत बसला होता.
झाकली टाकी सव्वा लाखाची.

हिशेब केला नव्हता असं नाही.
प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर आहे अजून:
तासाला बत्तीस. दोन तास. चौसष्ट. राखीव वीस.
वाऱ्याच्या रकान्यात मी टिंब काढलं होतं.

वारा नैऋत्येचा, थेट नाकावर.
राधानगरीचं पाणी खाली आलं
आणि जागचं हलेना.
मी घड्याळ पाहिलं, काटे पाहिले, पुन्हा घड्याळ.
किती संथ वाटतं ना वर, प्रेमानंद म्हणाला.
कोल्हापूर नुकतंच डाव्या हाताला गेलं होतं.
मागे वळलो असतो तर पाऊण तास, एक चहा,
आणि मेहुण्यापुढे एक कबुली.
तिलारीपर्यंत जाऊ, म्हटलं. मग पाहू.

मग पाहू.
हे दोन शब्द मी रोज ऐकतो,
सुजलेल्या गालांतून.

मोपाने सांगितलं, मोठं विमान उतरतंय,
तुम्ही समुद्राकडून एक फेरी घ्या.
माझ्याकडे फेरीपुरतं नाही, एवढंच म्हणायचं होतं.
रेडिओवर सगळे ऐकत असतात.
मी भारदस्त आवाजात म्हणालो, बरं.

शापोऱ्याच्या पाण्यावर इंजिन दोनदा खोकलं.
तिसऱ्यांदा खोकलं नाही.
पंखा समोर उभा राहिला, त्याची पाती
मी पहिल्यांदाच नीट पाहिली,
कडेला रंग उडाला होता.

आगरवाड्याची मिठागरं. पाण्याचे चौकोन, मधे मातीचे बांध.
पहिला बांध चाकांखालून गेला. दुसरा नाही.
पुढचं चाक मुळासकट उपटून आलं.
पुढे सगळं शांत, नुसता गुळाचा वास,
आणि प्रेमानंद फुटलेल्या ओठाने विचारतोय, आलो का आपण?

बांधावरून एक बाई आली, हातात मीठ ओढायचं फळं.
जयवंती, हे नंतर कळलं.
तिने विमान पाहिलं, मला पाहिलं.
तेल सोंपलें?

किती उत्तरं तयार होती.
फिल्टर. पेट्रोलात पाणी. जुनं इंजिन, काय सांगावं बाई.
चौकशीच्या कागदावर शोभली असती.
तिच्या तोंडावर मात्र मिठाची पांढरी रेघ होती
आणि ती खरंच विचारत होती.
हां, म्हटलं. सोंपलें.

कायतान उन्हं कलताना पोचला.
ओरडेल असं वाटलं होतं. बरं वाटलं असतं.
त्याने आसनामागून काठी काढली,
वाकड्या पंखावर चढून टाकीत घातली,
बाहेर काढली, उजेडाकडे धरली,
आणि वाचायला माझ्या हातात दिली.

जयवंतीने तांब्या पुढे केला.
प्रेमानंद घटाघटा प्याला.
माझी पाळी आली तेव्हा
मी तोंडाला लावायच्या आधी
आत बोट बुडवून पाहिलं.